आपोआप फिरणारे चाक: पाटणचे भास्कराचार्य, लायडनचे प्राध्यापक आणि सांगलीचे काका



मंडळाच्या गेल्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत दोघातिघांनी आम्हाला तोच व्हिडिओ दाखवला. एक मोठे चाक, त्याच्या कडेला बिजागरीवर लटकणारे दांडे, प्रत्येक दांड्याच्या टोकाला लोखंडी वजन. चाक फिरते, दांडे झुलतात, बाजूला बल्ब पेटलेला आणि खाली ओळ: "ना वीज, ना डिझेल". "तुम्ही मेकॅनिकलवाले ना? हे खरे आहे का?" असा प्रश्न. आम्ही शिकलो मेकॅनिकल आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर, पण तरफेचा नियम अजून विसरलेलो नाही. उभ्या उभ्या "नाही, असे होत नाही" एवढेच सांगितले आणि ते कोणालाच पटलेले दिसले नाही. म्हणून हा सविस्तर लेख. विषय वाटतो तेवढा गमतीचा नाही, कारण अशा यंत्रांसाठी आपल्याकडे गावोगावी पैसे मागितले जात आहेत. त्याबद्दल पुढे लिहितोच.

आधी यंत्र समजून घेऊ. चाक उजवीकडे फिरते असे समजा. माथ्यावर आलेला दांडा पुढे कलंडतो आणि बाहेरच्या बाजूला लांब पसरतो. खाली गेल्यावर तो लोंबू लागतो आणि डाव्या बाजूने वर येताना चाकाला चिकटून येतो. म्हणजे उतरणारी वजने आसापासून लांब आणि चढणारी जवळ. लहानपणी सी-सॉवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की लांब बसलेला जड पडतो. मग उजवी बाजू कायम जड, आणि चाक कायम फिरत राहणार. वाचताना पटते की नाही? पटतेच. गेली आठ-नऊशे वर्षे भल्याभल्यांना पटले आहे.

आणि त्यातले एक आपल्या जळगाव जिल्ह्यातले! चाळीसगावजवळच्या पाटण गावात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला, अशी नोंद त्यात आहे (इसवी सन १२०७ च्या सुमाराची). त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. त्यातल्या यंत्राध्यायात एक स्वयंवह म्हणजे आपोआप चालणारे चाक आहे. हलक्या लाकडाचे चाक, त्याला समान अंतरावर किंचित वाकवलेले पोकळ आरे आणि प्रत्येक आऱ्यात निम्मा पारा. पारा एका बाजूला आसाकडे वाहतो, दुसऱ्या बाजूला कडेकडे जातो. दांडे आणि वजनांचे काम इथे पारा करतो, कल्पना तीच. ब्रह्मगुप्तानेही त्याच्या पाचशे वर्षे आधी असे चाक वर्णिले होते.

पुढे साधारण १२३० च्या दशकात व्हिलार द ओनकूर या फ्रेंच माणसाने आपल्या वहीत सात हातोडे लटकवलेले चाक काढले आणि पाऱ्यानेही हे जमेल असे लिहून ठेवले. पारा म्हटल्यावर कान टवकारतात. ही कल्पना भारतातून अरबांमार्फत युरोपात गेली असावी, असे लिन व्हाइट या इतिहासकाराने मांडले आहे. आता यावरून "पाश्चात्त्यांनी आपले तंत्रज्ञान चोरले" असे मेसेज फिरतात. चोरले असेल तर न चालणारे यंत्र चोरले, एवढेच म्हणता येईल! भास्कराचार्यांचे मोठेपण या चाकावर अवलंबून नाही. त्याच अध्यायात त्यांनी सगळ्या यंत्रांत श्रेष्ठ म्हणून 'धीयंत्र' सांगितले आहे, म्हणजे एक साधी काठी आणि ती वापरणाऱ्याची बुद्धी. आम्हाला तरी पाऱ्याच्या चाकापेक्षा ही काठी जास्त आवडते.

आता चाक का फिरत नाही ते पाहू. यासाठी आपण राहतो तो देश अगदी योग्य आहे, कारण उत्तराचा मोठा भाग इथेच सापडला.

पहिला माणूस सिमॉन स्टेव्हिन. जन्म ब्रुगचा, कारकीर्द हॉलंडमधली. तुमच्या मुलांच्या वेळापत्रकात गणिताला 'विस्कुंडे' लिहिलेले असते ना, त्या शब्दाचे मूळ याच स्टेव्हिनकडे जाते. १५८६ मध्ये त्याचे वजनशास्त्रावरचे पुस्तक लायडनला छापले गेले. मुखपृष्ठावर एक चित्र आहे: उतरते छप्पर, एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट लांब, आणि त्यावरून टाकलेली १४ सारख्या गोळ्यांची माळ. लांब उतारावर ४ गोळ्या, आखूड उतारावर २, उरलेल्या ८ खाली लोंबताहेत. कोणीही म्हणेल, चार गोळ्या दोघींना ओढून नेतील. स्टेव्हिन म्हणतो, ठीक आहे, नेऊ द्या. माळ एका गोळीइतकी सरकली, आता काय दिसते? पुन्हा लांब बाजूला ४, आखूड बाजूला २. चित्र हुबेहूब पहिलेच. म्हणजे माळ पुन्हा सरकायला हवी, आणि पुन्हा, आणि कायमची. हे अशक्य, म्हणून माळ मुळातच सरकत नाही, आणि म्हणून लांब उतारावरच्या ४ गोळ्या आखूड उतारावरच्या २ गोळ्यांशी तोलून राहतात. एका ओळीचे गणित न करता उताराचा नियम हाती आला! नवल वाटते पण यात नवल काही नाही, अशा अर्थाचे शब्द त्याने चित्राभोवती घातले आहेत.

हीच नजर आपल्या चाकाकडे वळवा. उजवीकडची वजने लांब आहेत हे आपण पाहतो, पण ती संख्येने कमी आहेत हे पाहायचे राहून जाते. डावीकडे जवळ आहेत, पण जास्त. उदाहरणादाखल, सगळी वजने सारखी धरा. उजवीकडे तीन, आसापासून आडवे अंतर ६०, ९० आणि ५० सेंटिमीटर. डावीकडे पाच, अंतरे १५, ४०, ६०, ५५ आणि ३०. बेरीज करा, दोन्हीकडे २००. सी-सॉच्या एका टोकाला एकटे आजोबा आणि दुसरीकडे सगळी नातवंडे बसल्यासारखे आहे हे. एखाद्या क्षणी एक बाजू थोडी जड असू शकते, त्यामुळे चाक किंचित सरकते, एखादा दांडा धप्पकन पडतो, आणि मग चाक समतोल जागा शोधून थांबते. पूर्ण फेरीचा हिशेब शून्य.

आमच्या मते याहून सोपा हिशेब उंचीचा आहे. १ किलोचे वजन २ मीटर खाली आले की सुमारे २० ज्यूल ऊर्जा देते. तेच वजन पुन्हा माथ्यावर न्यायला तेवढेच २० ज्यूल लागतात. ते लांबून गेले की जवळून, सरळ की वळसा घालून, याने फरक पडत नाही. मास्ट्रिख्टहून सायकलने फाल्सरबर्गला (उंची ३२२ मीटर, या सपाट देशात याला पर्वत म्हणायची पद्धत आहे) जाऊन परत या. कुठल्याही रस्त्याने जा, घरी पोचल्यावर एकूण चढ आणि एकूण उतार सारखाच भरणार. गुरुत्वाकर्षण इतके काटेकोर हिशेबी आहे. वारा मात्र तसा नाही. तो जातानाही समोरून असतो आणि येतानाही, हा तुमचा आमचा रोजचा अनुभव! चाकाच्या बाबतीत हा समोरचा वारा म्हणजे घर्षण. बेअरिंगमध्ये, हवेत, दांडे आपटताना होणाऱ्या आवाजात प्रत्येक फेरीला थोडे थोडे जातेच. वजनांकडून येणे शून्य आणि घर्षणाला देणे चालू, असे हे खाते आहे.

झुलणाऱ्या वजनाबद्दल शेवटचा शब्द हेगच्या क्रिस्तियान हायगेन्सचा. लंबकाचे घड्याळ त्याने १६५६ मध्ये बनवले. १६७३ च्या ग्रंथात त्याने स्पष्ट मांडले की वजनांची कितीही गुंतागुंतीची जोडणी केली तरी केवळ गुरुत्वाच्या जोरावर त्यांचा गुरुत्वमध्य सुरुवातीच्या उंचीच्या वर जाऊ शकत नाही, आणि कायम फिरणाऱ्या यंत्राच्या मागे लागलेल्यांनी हे ध्यानात घेतले तर त्यांची चूक त्यांनाच दिसेल. लोकांना वाटते की लंबक घड्याळ चालवतो. तसे नाही. घड्याळ चालवते साखळीला टांगलेले वजन, आणि ते वजन कोणीतरी हाताने वर ओढलेले असते. लंबक फक्त ताल धरतो. बागेतल्या झोक्यावरचे मूल कोणी न ढकलता उंच जाते ना? ते पाय मारते, आणि पायातला जोर दुपारच्या वरणभातातून येतो.

इतके सगळे १६७३ पर्यंत छापून झाले होते. तरीही पुढची गोष्ट घडली, आणि आमच्या दृष्टीने ती सगळ्यात महत्त्वाची.

इथून गाडीने चार-पाच तासांवर जर्मनीतले कासेल आहे. तिथल्या राजाच्या आश्रयाला १७१७ मध्ये योहान बेसलर नावाचा माणूस होता. 'ऑर्फिरेयुस' हे टोपणनाव लावायचा. आयटीवाल्यांसाठी खास माहिती: बेसलरची रोमन अक्षरे प्रत्येकी १३ घरे पुढे सरकवली की 'ऑर्फिरे' मिळते. रॉट-१३, तीनशे वर्षांपूर्वी! याने सुमारे १२ फूट व्यासाचे चाक केले होते. वरून मेणकापडाने झाकलेले, आतून वजने पडल्यासारखा आवाज यायचा. राजाने ते एका खोलीत ठेवून दाराला मोहोर लावली. १७१८ च्या जानेवारीत, ५४ दिवसांनी दार उघडले, तर चाक फिरतच होते. बेसलरची अट एकच: आधी प्रचंड रक्कम द्या, मग चाकाचे पोट दाखवतो.

१७२१ मध्ये लायडन विद्यापीठाचे प्राध्यापक विलेम स्ख्रावेसांडे (हा 'ख' घसा साफ केल्यासारखा, आता आपल्याला जमतो) ते पाहायला गेले. हे काही ऐरेगैरे नव्हते. न्यूटनचे विज्ञान युरोपला प्रयोग करून दाखवणारे ते नामवंत शिक्षक. त्यांनी आस तपासला, टेकू तपासले, बाहेरून काहीच जोडलेले नाही अशी खात्री करून घेतली आणि तसे न्यूटनला पत्राने कळवले. बेसलरला या तपासणीचा इतका राग आला की त्याने चाक स्वतःच्या हाताने फोडले आणि दोष प्राध्यापकांच्या चौकसपणाला दिला. पुढे १७२७ मध्ये त्याच्या मोलकरणीने साक्ष दिली की शेजारच्या खोलीत बसून घरची माणसे आळीपाळीने चाक फिरवत असत. तिची साक्षही सगळ्यांनी मानली नाही, स्ख्रावेसांडेंनी तर नाहीच. नेमके कसे फिरत होते ते गुपित बेसलरबरोबर गेले. तो १७४५ मध्ये एका पवनचक्कीच्या बांधकामावरून पडून वारला.

यावर हसून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच स्ख्रावेसांडेंनी १७२२ मध्ये पितळी गोळे मऊ मातीवर टाकून खड्डे मोजले. वेग दुप्पट केला की खड्डा दुप्पट होत नाही, चौपट होतो. आज शाळेत शिकवली जाणारी गतिज ऊर्जा याच प्रयोगांवर उभी आहे. एकच माणूस, एकच डोके. फिरणारे चाक पाहिले तेव्हा फसले, मोजायला बसले तेव्हा नाही. पुढे पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये असले प्रस्ताव तपासणेच बंद केले, आणि १८४० च्या दशकात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पक्का झाला. त्यातला एक मानकरी, डॉक्टर रॉबर्ट मायर, १८४० मध्ये रॉटरडॅमहून जावा बेटाकडे निघालेल्या डच जहाजावर होता आणि त्याला कल्पना त्याच सफरीत सुचली. असो.

आता काकांकडे येऊ. आमच्या एका मित्राच्या काकांची सांगली जिल्ह्यात द्राक्षबाग आहे. विहिरीला पाणी आहे पण वीज रात्रीची, कधी स्टार्टर उडतो, कधी डीपी जळतो. अशा माणसाला कोणी "वीज न लागणारी मोटर" दाखवली तर तो ऐकणारच, ऐकायलाच हवे. किंमत ४ लाख, बुकिंगचे ११ हजार देऊन झालेले. मित्राने फोन आमच्या हातात दिला.

"अरे, माझ्या डोळ्यांनी बघितलंय," काका म्हणाले. "वायर काढून टाकली, तरी बल्ब पेटत होता."

"काका, किती वेळ पेटला?"

"पाचेक मिनिटं. मग चहा आला."

त्या चहाच्या आधीचा हिशेब आम्ही त्यांना दिला. यंत्रात ५० किलोचे, ६० सेंटिमीटर व्यासाचे भरीव जड चाक म्हणजे फ्लायव्हील आहे असे धरा. मिनिटाला १५०० फेऱ्यांनी ते फिरत असेल तर त्यात सुमारे २८ हजार ज्यूल साठलेले असतात, आणि ते भरते आधी जोडलेल्या विजेवर. ९ वॅटचा एलईडी बल्ब त्यावर कागदोपत्री ५० मिनिटे पेटू शकतो. घर्षणाने त्यातले बरेच खाल्ले तरी चहा येईपर्यंत सहज. तेच फ्लायव्हील ५ एचपीच्या पंपाला जोडले तर साडेसात सेकंद.

आणि झुलत्या वजनांचे काय? एक टन वजन एक मीटर खाली आले तर ५ एचपीचा पंप जेमतेम अडीच सेकंद चालेल. मग ते टनभर वजन परत वर न्यायचे. पंप आठ तास चालवायचा तर ते वजन सुमारे ११ किलोमीटर खाली सोडावे लागेल, एव्हरेस्टच्याही वरून. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि ते वर कोण न्यायचं?"

आम्ही त्यांना एवढेच सुचवले की विकणाऱ्याला चाक फिरवून दाखवायला सांगू नका, तुमच्याच विहिरीवर तुमचाच पंप आठ तास चालवायला सांगा. यंत्र जमिनीपासून उचलून लाकडी ओंडक्यांवर ठेवायचे, सगळी झाकणे उघडी, बॅटरी असेल तर बाहेर काढायची आणि पाणी हौदात मोजायचे. नुसते फिरणे हा पुरावा नव्हे, ते बेसलरचे चाकही ५४ दिवस फिरले होते. विकणाऱ्याने उत्तर दिले की चाचणी पूर्ण रकमेनंतर होईल. बेसलरची अटही हीच होती! काकांनी उरलेले पैसे दिले नाहीत, ११ हजार मात्र अजून परत मिळालेले नाहीत. त्यांनी राज्य सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज केला आहे. ही योजना २०२४ मध्ये सुरू झाली, खुल्या गटातल्या शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात. सौर पंप काही जादू नाही, ढगाळ दिवशी तो कुरकुरतोच, पण त्याची ऊर्जा कुठून येते हे बोट दाखवून सांगता येते.

इथे एक गोष्ट जोडायला हवी. "फुकट" चालणारी सगळीच यंत्रे खोटी नसतात. आल्कमारच्या कॉर्नेलिस ड्रेबलने १५९८ मध्ये स्वतःला किल्ली देणाऱ्या घड्याळाचे पेटंट मिळवले होते, आणि त्याचे यंत्र इंग्लंडच्या राजासमोर खरोखर चालले. ते हवेच्या तापमानात आणि दाबात होणाऱ्या बदलांवर चालत असे. किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या पाणी उपसायच्या त्या वाऱ्यावर. प्रत्येक ठिकाणी देणारा कोणीतरी आहे. देणारा नसलेली पाणचक्की पाहायची असेल तर एशरचे १९६१ चे 'धबधबा' हे चित्र बघा. पाणी चाकावर पडते, वाहत वाहत पुन्हा माथ्यावर पोचते, आणि कुठे फसवले ते शोधायला मुलांना अर्धा तास पुरत नाही.

दिवाळीत भारतातून आईवडील आले की कोइकेनहोफ बंद असते आणि त्यांना कुठे न्यायचे असा प्रश्न पडतो. लायडनच्या बुरहावे संग्रहालयात स्ख्रावेसांडेंची प्रयोगाची उपकरणे ठेवलेली आहेत. म्युझियमकार्ट चालते. हायगेन्सचे हॉफवाइक हे घर फॉरबर्ग स्टेशनच्या अगदी शेजारी आहे, फलाटावरूनच दिसते. दोन्ही एका दिवसात होतात, डबा बरोबर घ्यावा.